कोसमटोल्याची सवारी

मी गुलाब, सिंदेवाहीचा. सरकारी डायवर. दवाखान्याची गाडी चालवतो म्हटलं का लोकायले वाटते, हा गडी दिवसभर पेशंटच आणत असन. आणलं जी, बहुत काही आणलं. खुर्च्या आणल्या, सतरंज्या आणल्या, फुलाच्या कुंड्या आणल्या. एकडाव एका साहेबाच्या पोरीच्या लग्नासाठी वडश्यावरून बुंदीची टोपली आणली. ते मांडीवर धरून बसाले एक शिपाई सोबत दिला होता. पेशंट तेवढा नाई आणला.

आमचा गडचिरोली जिल्हा तवा नवानवा झाला होता. नव्या जिल्ह्याले नवी जीप भेटली, पांढरी, बाजूनं लाल अक्षरात 'रुग्णवाहिका' लिवलेली. घोटेपारच्या दवाखान्यात ती आली तवा आमच्या नर्सबाईनं, अंजनाबाईनं, तिच्या बोनटले कुंकू लावलं, अन् मी मनातल्या मनात मायचं नाव घेतलं. माझी माय मूल गावच्या दवाखान्यात नेता नेता रस्त्यावर बंडीतच गेली. बाप समोर बैल हाकत होता अन् मांगं तिचं अंग थंड पडलं. तवापासून मले एकच वाटे, का आपण गाडी शिकावं अन् एक तरी जीव वेळेवर दवाखान्यात जिता पोहचवावा. लय मोठं मागणं नोतं.

पण गाडी आली अन् डिझेल मांगं राह्यलं. महिन्याचा कोटा वरून ठरलेला, तो वरच्यायच्याच कामात जाये. मीटिंग आहे, गुलाब, गाडी काढ. साहेब आले, गुलाब, गाडी काढ. जंगलातून कोणी पेशंटसाठी आलं का टाकी कोरडी. आडातच नाई तं पोहऱ्यात कुठून येईन?

पेशंट मंग कसे येत? बाजेवर. त्या भागात जुनी रीत आहे. बिमार माणसाले बाजेवर घ्यायचं, बाज बांबूले बांधायची अन् गावच्या माणसायनं आपल्या शिवेपर्यंत न्यायची. शिवेवर दुसऱ्या गावचे उभेच राहतात. ते खांदा देतात अन् त्यायच्या शिवेपर्यंत नेतात. असं शिव ते शिव करत माणूस दवाखान्यात येते. कोणी कोणाले इचारत नाई, कोण आहे, कोणत्या जातीचा आहे. दवाखान्याच्या आंगणात बाज उतरली का मी माझ्या जीपले टेकून पाहो अन् माझं मलेच शरमल्यासारखं होये. काऊन का मी डायवर होतो, अन् ते लोक घामानं निथळून राह्यले होते.

त्या थंडीत सरकारनं आमच्या दवाखान्याच्या बाजूले एक प्रसूतिगृह बांधलं. काय सांगू, राजवाडा! भितींले फरशा, छताले पंखे, चकचकीत नळ. विजेची लाइन घोटेपारात आली नोती अन् नळाले पाणी देणारी टाकी बांधाची राह्यली होती, ते सोडून सगळं होतं. उद्घाटनाले पाहुणे येणार म्हून महिन्याभराचं डिझेल आठवड्यात उडालं. मंडप वडश्यावरून आणला, नाटकवाल्यायचा. खुर्च्या बी त्याच्याच, अन् दारापासून कोनशिलेपर्यंत अंथराले लाल गालिचा. राजा-राणीच्या सीनचा असन तो. पाहुण्यायनं फीत कापली, भाषण देल्लं, जेवले अन् गेले. मंग बांधकामवाल्यायनं खुर्च्या-गालिचा आतच ठेवून दाराले कुलूप लावलं. इमारत म्हणे अजून दवाखान्याच्या ताब्यात देल्ली नाई, कागद व्हायचा आहे. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सक्काळी लच्छू आला.

लच्छू कोसमटोल्याचा, जंगलातल्या टोल्याचा, लहानशा वस्तीचा पोरगा. सायकल आंगणात फेकली अन् धापा टाकत उभा राह्यला. त्याची बायको सोमारी पहिलटकरीण. कालपासून कळा देऊन राह्यली अन् काही होत नाई. टोल्याच्या सुईणीनं हात टेकले.

"बाजेवर आणता नाई येत का गा?" अंजनाबाईनं इचारलं.

"कशी आणन बाई? पडू पडू करते. बाजेचा हेलकावा लागला का किंचाळते. गाडी द्या."

आमचे बाबू गुणवंतराव व्हरांड्यात टेबल लावून बसले होते. माणूस वाईट नाई, पण कागदाबिगर त्याले श्वास बी घेता येत नोता. म्हणे, "गुलाब, टाकीत काही आहे का?"

"काटा अर्ध्यावर आहे."

"मंग?"

"काटा मेला आहे बाबू. गाडी आली त्या दिवसापासून अर्ध्यावरच आहे."

मी बांबूची कमची टाकीत घालून पाह्यली. टोक तेवढं ओलं झालं. जायले पुरन, परत याले नाई. गुणवंतराव म्हणे, मागणीपत्र पाठवतो, चार-आठ दिवसात डिझेल येईन. म्या म्हटलं, "बाबू, लेकराले चार-आठ दिवस थांब म्हणून सांगू का?" माझं डोस्कं जराशात तापते, हे समद्या दवाखान्याले माहीत होतं. डॉक्टरसाहेब नागपूरचे, नवे, एकटेच. हिवतापाचे पेशंट व्हरांड्यापर्यंत झोपलेले होते, त्यायले सोडून साहेबायले निघता येईना. त्यायनं माझ्याकडे पाह्यलं अन् म्हणे, "जा गुलाब. पुढचं पुढं पाहू." अंजनाबाई आपली पेटी घेऊन बाजूले बसली, लच्छूची सायकल मांगं टाकली अन् आम्ही निघालो.

म्या मनात म्हटलं, माय, आज तरी.

रस्ता कसला, बंडीवाटच. मधात नाला, पण थंडीचे दिवस, पाणी घोट्याइतकं. उतारावर मी इंजिन बंद करो, चढावर चालू करो, थेंब थेंब वाचवो. कोसमटोल्यात पोहचलो तं अख्खा टोला लच्छूच्या आंगणात उभा. अंजनाबाई आत गेली अन् लवकरच बाहेर आली.

"पायाळू आहे," म्हणे. "इथी नाई होणार. डॉक्टर पायजे. आत्ता उचला."

सोमारीले चादरीत धरून जीपमंदी निजवली. लहानशी पोरगी, डोळे मोठ्ठे झालेले. गावाच्या तोंडाशी त्यायचं देवाचं ठाणं होतं, मोहाच्या झाडाखाली. तिथी लच्छूच्या मायनं, सोनीबाईनं, गाडी थांबवली. म्हातारीनं हळदीचे तांदूळ सोमारीवरून ओवाळले, जीपच्या चारी चाकायले लावले, थोडे माझ्या कपाळाले बी लावले. मी बुद्धाचा माणूस, पण म्या कपाळ समोर केलं. म्हातारी म्हणे, "ही सवारी आता दवाखान्याच्या दारातच उतरन."

म्या चाबी फिरवली. जीप खोकलली, एक हिसका देल्ला अन् थंड झाली. परत फिरवली. काहीच नाई. कमची घालून पाह्यली, ते कोरडी निघाली.

काय सांगू तुमाले, मले रडू आलं. स्टेरिंगवर दोन बुक्क्या हाणल्या. मंग उतरलो अन् म्हटलं, "बाज आणा. उतरवा तिले. खांद्यावर न्या, मी बी खांदा देतो."

कोणीच हाललं नाई.

"अबे उभे काऊन राह्यले? आणा ना बाज!"

सोनीबाई समोर आली. "नाई भाऊ. ओवाळून काढलेली सवारी मधात नाई उतरवत. मधात उतरवतात ते मुडद्याले, इसाव्याले."

"अवो माय, गाडी मेली! गाडीत ठेवून का करता?"

"मधात नाई उतरवत," म्हातारी तेच म्हणे.

म्या अंजनाबाईकडे पाह्यलं. म्हटलं ते शिकलेली बाई आहे, समजावन. पण अंजनाबाई जीपमंदी सोमारीचा हात धरून बसली होती अन् तिनं मले मुंडीनंच नाई म्हटलं. सोमारी हळूच बोलली, तेवढंच दिवसभरात ते बोलली, "मले खाली नोका उतरवू."

"आयकलं ना?" अंजनाबाई म्हणे. "पोरीनं धीर सोडला तं माझ्या पेटीत धीराचं इंजेक्शन नाई. तू दुसरं काही पाह्य."

दुसरं काय पाऊ? माझ्या डोक्यात जाळ झाला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या साहेबायपासून या म्हातारीपर्यंत समद्यायले म्या मनात शिव्या देल्ल्या. तेवढ्यात लच्छू जीपच्या समोरून फिरला, वाकून बंपर पाह्यलं अन् म्हणे, "भाऊ, बैल जुपतो."

"बैल? अबे इंजिनची गाडी आहे हे!"

"चाकं तं आहेत ना, भाऊ."

चाकं होती, खरं आहे. गाव असं कामाले लागलं का जसं रोजच जीपले बैल जुपतात. कोणी जू आणलं, कोणी नाडा आणला. बंपरच्या हुकाले नाडा बांधला, लांब ठेवला, म्हणजे उतारावर गाडी बैलायच्या पायावर जाणार नाई. एक गडी लच्छूची सायकल घेऊन समोरच्या गावायले सांगाले पळाला. मी गाडी न्यूटल केली, स्टेरिंग धरलं. लच्छूनं बैलायच्या पाठीवर हात ठेवला अन् जीभ टाळूले लावून आवाज केला. जीप निघाली.

डिझेलच्या गाडीचा केवढा आवाज असते, ते मले त्या दिवशी समजलं. काऊन का आता काहीच आवाज नोता. चाकाखाली पाचोळा वाजे अन् बैलाच्या घुंगरायचा आवाज ये, तेवढाच. मांगून सोमारीचं कण्हणं ये अन् अंजनाबाई तिले म्हणे, "मोठा श्वास घे व बाई, मोठा श्वास." मले माझी माय आठवली. तेच बैल, तेच कण्हणं. फक्त आता मांगं अंजनाबाई होती अन् समोर मी होतो. म्या दात दाबून स्टेरिंग धरलं.

शिवेवर येरमेटोल्याचे लोक उभेच होते, बैल घेऊन. जीप पाहून एक जण हासला, मंग आतमंदी पाह्यलं अन् हासणं बंद केलं. कोसमटोल्याचे बैल सोडले, येरमेटोल्याचे जुपले. मधात थांबलो तरी सोनीबाईनं कोणाले सोमारीले हात लावू देल्ला नाई. लच्छू पाई चालत सोबत. म्हातारी बी चालत सोबत, तिले म्या म्हटलं बस गाडीत, तं म्हणे बैलाले वझं होईन.

नाल्यात चाक रुतलं. येरमेटोल्याचे गडी लुगडं-धोतर खोचून पाण्यात उतरले अन् मांगून खांदा लावला. बाया बी होत्या त्यात. जीप वर निघाली. मी उतरून त्यायच्या पाया पडावं असं वाटलं, पण ब्रेकवरून पाय काढता येत नोता.

भीमनपारच्या शिवेवर पत्रू उभा होता. पत्रूले त्या भागात कोण ओळखत नाई? त्याचे पटाचे बैल. पौषातल्या शंकरपटात, बैलायच्या शर्यतीत, पळवाले वाढवलेले, तूप-पीठ चारलेले. त्यायच्या मानेवर त्यानं कधी वखर नाई ठेवला. बायकोले रागावन, पण बैलाले नाई रागावणार. तोच जोडी घेऊन उभा. मी म्हटलं, "पत्रूभाऊ, हे बैल?"

"गावचे बाकीचे चराले गेले. हेच दावणीले होते," तो म्हणे, अन् तोंड फिरवून जू बांधाले लागला. त्याले फार बोललेलं आवडत नाई.

बैल देल्ले खरं, पण पटाच्या बैलायले हळू चालाची सवय कुठी? समोर मोकळा रस्ता दिसला अन् त्यायनं कान टवकारले. पत्रूच्या तोंडातून सवयीनं पटाची आरोळी निघाली. निघाली अन् त्यानं जीभ चावली, पण बैलायनं आयकली होती. अरे बाप्पा! सरकारी जीप पटाले लागली. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राह्यलो. पत्रू नाडा धरून सोबत पळे अन् ओरडे, "होऽ राजा, होऽ! पट नोय, बाळंतीण आहे रे!" अंजनाबाई मांगून मलेच शिव्या देई, जसं काही मीच जुपलो होतो. अन् त्या सगळ्या धुमाळीत सोमारीच्या तोंडून हासू निघालं. कळेतच हासली ते. म्या आपल्या कानानं आयकलं, अन् तवा पह्यल्यांदा मले वाटलं, हे पोरगी वाचते.

बैल दमले तवा दवाखान्याचं छप्पर दिसून राह्यलं होतं; लच्छू अन् म्हातारी बी मांगून पळत येऊन मिळाले.

डॉक्टरसाहेब आंगणात आले. जुन्या खोलीतल्या टेबलावर एक पेशंट, खाली दोन, दारात एक. सोमारीले निजवाले हातभर जागा नोती. बाजूले तो राजवाडा उभा, कुलूप लावून. साहेबायनं त्या कुलुपाकडे पाह्यलं. मी बी पाह्यलं. गुणवंतरावानं आमच्या दोघायकडे पाह्यलं अन् खुर्चीवरून उठले.

"साहेब, ताबा झाला नाई. चाबी बांधकाम खात्याकडे आहे. मी काही..."

मी जीपमधून जॅकचा दांडा काढला. "बाबू, बाजूले व्हा."

"गुलाब, सरकारी मालमत्ता आहे ते!"

"मी बी सरकारी आहे, दांडा बी सरकारी आहे." एक हाणला अन् कुलूप खाली.

आत बाज नाई, पलंग नाई. वडश्याच्या खुर्च्यायची चळत अन् गुंडाळलेला लाल गालिचा. अंजनाबाईनं गालिचा पायानं उलगडला, त्यावर धुतलेली चादर टाकली. सोनीबाई म्हणे, "आता उतरवा. हे दवाखान्याचं दार आहे." तवा कुठी आम्ही सोमारीले जीपमधून उतरवलं. अंजनाबाईनं हात धुवाले तो चकचकीत नळ फिरवला तं त्यातून एक कोळी निघाला. मंग काय झालं सांगू? गुणवंतराव, ते कागदाबिगर श्वास न घेणारे गुणवंतराव, बकेट घेऊन हिरीवर गेले. धोतराचा काचा मारून पाणी आणत राह्यले, कोणी सांगतलं बी नोतं.

आम्ही बाहेर बसलो. लच्छू, म्हातारी, पत्रू अन् त्याचे बैल. पत्रू बैलाच्या मानेले तेल लावून राह्यला होता. कोनशिलेवर मोठ्ठी मोठ्ठी नावं कोरली होती, लच्छूले वाचता येत नोतं, तो त्या अक्षरायवरून बोट फिरवत बसला होता. मंग आतमधून लेकराचा आवाज आला, आधी बारीक, मंग चांगला खणखणीत. सोनीबाईनं पदर तोंडाले लावला अन् मी जीपच्या मांगं जाऊन, कोणाले दिसू नाई असा, रडलो. माय, पोहचवलं व, म्हटलं. एकाले तरी पोहचवलं. अंजनाबाई दारात आली, घामाघूम. "पोरगी आहे. दोघी बी बऱ्या आहेत."

पोरीचं नाव त्यायनं मोटारी ठेवलं. सोमारीची मोटारी. अंजनाबाईनं लय सांगून पाह्यलं, का सरला ठेवा, कमल ठेवा. आयकते कोण.

आता सरकारचं आयका. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, पण यायनं झोपा बी नाई केला, बैल कोणाचा होता त्याचीच चौकशी लावली. कुलूप काऊन तोडलं. गालिचा काऊन खराब केला. अन् सगळ्यात मोठा गुन्हा, सरकारी वाहन जनावरायनं ओढून त्याची बदनामी केली. डिझेल काऊन नोतं, हे कोणीच नाई इचारलं. चौकशीचे साहेब गडचिरोलीवरून गाडीनं येत. टाकी भरलेली. एकडाव आले तं मी सुटीवर, मंग परत आले. त्यायच्या एका खेपेच्या डिझेलमंदी कोसमटोल्याच्या दोन बाळंतिणी आल्या असत्या. हे म्या त्यायच्या तोंडावर म्हटलं बी. साहेब म्हणे, "तू फार बोलतो." म्या म्हटलं, "हो जी."

गालिच्याचा मालक मातर चांगला निघाला. वडश्याचा तो मंडपवाला गालिचा पाहून म्हणे, "माझ्या नाटकात एवढे राजे जन्मले, पण खरं लेकरू हेच. राहू द्या डाग."

शेवटी नोकरी वाचली, डॉक्टरसाहेबायनं समदं आपल्या अंगावर लिवून घेतलं. पण जीप गेली. जिल्ह्याले मागवून घेतली, 'योग्य वापरासाठी'. तिथी ते पाहुण्यायले आणा-नेयाच्या कामाले लागली म्हणून आयकलं. प्रसूतिगृहाले नवं कुलूप आलं, पह्यल्यापेक्षा मोठं. अन् मी? मी दवाखान्यातच. गाडी नाई, डायवर आहे. रोज खाकी घालून या, सही करा, बसा. मी व्हरांड्यात बसो अन् चाबीचा रिकामा छल्ला बोटात फिरवो. गुणवंतराव बी माझ्याकडे पाहत नसत. चाबी गेली, छल्ला कोणी मांगितला नाई.

वैशाख लागला. तेंदूपत्त्याचे दिवस. ऊन असं का जमिनीवर पाय ठेवता येईना. दुपारी लच्छू आला, तीच सायकल, तशाच धापा. मी त्याले पाहूनच उठलो.

"का झालं गा? मोटारी?"

"मोटारी बरी आहे. माय. ताप डोक्यात गेला, बडबडून राह्यली. बाजेवर काढली आहे, ओवाळून. येरमेटोल्याच्या शिवेपर्यंत आणली."

म्हातारीचा हळदीचा हात मले कपाळावर जाणवला. म्या म्हटलं, "लच्छू, गाडी नाई रे. नेली त्यायनं. मी नुसता बसून आहो." माझी मलेच कीव आली, अन् रागही आला, पण राग काढाले समोर फक्त लच्छूच होता.

लच्छूनं कपाळावरचा घाम पुसला. "गाडीचं कोण इचारते भाऊ? आमचे अन् येरमेटोल्याचे गडी तेंदूपत्त्याले गेले, खांदा द्याले मले धरून तिघंच आहो. माझ्या जागी एक म्हातारा बांबू धरून उभा आहे. बाज मधात ठेवता येत नाई. चौथा खांदा पायजे. तू ये."

गुणवंतरावानं कागदावरून मान वर केली. मले वाटलं, आता ड्यूटीचं काही बोलतील. ते म्हणे, "पाणी सोबत ने."

म्या खाकी शर्ट काढला, चार पदरी घडी करून खांद्यावर ठेवला अन् लच्छूच्या सायकलवर मांगं बसलो.